उन्हाळ्यात बोटीवर गारवा: एसी घेण्याआधी उन्हाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. तीस फुटी, पांढऱ्या फायबरग्लासची शिडाची बोट. ऐन उन्हाळ्यात तीन-चार आठवडे तिच्यावरच राहायचा बेत, बहुतेक रात्री नांगरावर, अधूनमधून मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर). बरोबर पत्नी आणि सत्तरी ओलांडलेले वडील. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दुपारी केबिनमध्ये बसवत नाही, रात्री झोप लागत नाही, तीन पंखे लावून झाले. आता जनरेटर आणि एसी घ्यावा का?

माझं उत्तर: इतक्यात घेऊ नका. आधी बोटीवर पडणारं ऊन अडवा, मग वाऱ्याला आत यायला आणि बाहेर पडायला वाट करून द्या, मग अंग ओलं ठेवा. हे सगळं नीट केल्यावरही वडिलांना त्रास होत असेल तर एसीचं बघू, आणि तेव्हा लहानसा एसी पुरेल. उष्ण पाण्यात बोटी चालवण्यात आणि लोकांच्या बोटींना छतं शिवून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. उन्हाची सोय न करता एसी बसवलेल्या बोटीवर मालक खूश आहे असं मी क्वचितच पाहिलंय.

कारण साध्या आकडेमोडीत आहे. निरभ्र आकाश असलं की भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडतं. तीस फुटी बोटीचा वरून दिसणारा पृष्ठभाग साधारण २० चौरस मीटर धरा. म्हणजे बोटीच्या डोक्यावर २० किलोवॉट. दोन हजार वॉटचे दहा हीटर एकदम लावून ठेवल्यासारखं. त्यातला मोठा भाग पांढऱ्या रंगावरून परत फिरतो, काही वारा घेऊन जातो. तरी दहावा हिस्सा आत झिरपला की दोन किलोवॉट झाले, आणि बोटीवर बसवतात त्या ७,००० बीटीयूच्या एसीची उष्णता बाहेर काढायची ताकद जवळपास तेवढीच असते. म्हणजे तो बिचारा दुपारभर फक्त डेकवरून (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावरून) झिरपणाऱ्या उन्हाशीच झगडत राहणार. तेच ऊन कापडाने वरच्यावर अडवलं तर ना बॅटरी लागते, ना डिझेल.

सगळ्यात आधी हॅच, म्हणजे डेकमधली उघडझाप करता येणारी झडप बघा. अर्धा मीटर लांब-रुंद अशा एका पारदर्शक हॅचवर दुपारी पाव किलोवॉट ऊन पडतं. चार हॅच म्हणजे एक किलोवॉट, तेही थेट केबिनच्या पोटात. बहुतेक लोक आतून पडदा लावतात, आणि तिथेच गफलत होते. ऊन एकदा ॲक्रिलिकच्या आत शिरलं की ते पडद्यावर पडून तिथेच उष्णता होतं आणि केबिनमध्येच राहतं. चांदीसारखा चमकणारा पत्रा आतून लावला तर थोडं ऊन परत जातं, त्यामुळे काहीच नसण्यापेक्षा तो बरा. पण खरं काम बाहेरच्या झाकणाचं. जाड पांढऱ्या कापडाची, कडेला इलॅस्टिक घातलेली टोपी प्रत्येक हॅचसाठी शिवून घ्या. बाजूच्या खिडक्यांना बाहेरून विणीच्या जाळीचं कापड लावा. आतून बाहेरचं दिसतं आणि ऊन बरंचसं बाहेरच थांबतं. एवढ्या एका कामाने दुपारची केबिन बदललेली तुम्हाला त्याच दिवशी जाणवेल. शिवणयंत्र असेल तर एका दिवसात उरकतं.

इथे एक छोटं हत्यार सुचवतो: लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. दुपारी दोन वाजता केबिनमध्ये उभं राहून ते छतावर, हॅचच्या चौकटीवर, लॉकरच्या आतल्या बाजूवर, इंजिनाच्या पेटीवर फिरवा. मग खाली फरशीवर आणि पाण्याच्या पातळीखालच्या भिंतीवर धरा. खालचा आकडा समुद्राच्या पाण्याच्या आसपास येईल, छताचा त्याच्या कितीतरी वर. कुठून ऊब येतेय हे असं डोळ्यांनी दिसलं की कुठे कापड लावायचं, कुठे फोम चिकटवायचा याबद्दल वाद उरत नाही. फक्त चकचकीत धातूवर ते धरू नका, आकडा चुकीचा येतो. तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा.

आता मुख्य छत, म्हणजे नांगरावर असताना ताणायचा ऑनिंग. कॉकपिटवरचा (बोट चालवायच्या मागच्या उघड्या जागेवरचा) बिमिनी, म्हणजे छोटं कापडी छत, वेगळा. तो चालवणाऱ्याच्या डोक्यापुरता असतो आणि केबिनचं छत उघडंच राहतं. तुम्हाला हवं ते डोलकाठीपासून मागच्या तारेपर्यंत, बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) वरून जाणारं मोठं कापड, आणि जमलं तर डोलकाठीपासून पुढच्या तारेपर्यंत दुसरा लहान तुकडा. एकच सलग कापड घेऊ नका. ते आवरताना दोघंही दमता आणि वारा सुटला की आवरतच नाही. आडवा ताण राहावा म्हणून मध्ये दोन-तीन ठिकाणी हलक्या नळ्या घाला आणि टोकं लाइफलाइनला (डेकच्या कडेच्या कठड्याच्या तारेला) किंवा बाजूच्या तारांना तणाव्यांनी बांधा. केबिनचं छत आणि कापड यांच्यात किमान एक हात अंतर हवं, म्हणजे मधून वारा वाहील. डेकला चिकटून पसरलेलं कापड तापतं आणि तो ताप खाली देतं.

कापडाच्या रंगावर मी नेहमी लोकांशी भांडतो. पातळ पांढरं कापड दिसायला गार वाटतं, पण त्यातून बराच उजेड आणि त्याबरोबर ऊन खाली येतं. गडद कापडाची सावली दाट पडते, पण ते स्वतः तापून वरून अंगावर धग टाकत राहतं. घट्ट विणीचं, वरून पांढरं किंवा चंदेरी आणि खालून मळकट करड्या रंगाचं कापड सगळ्यात चांगलं: वरची बाजू ऊन परतवते, खालची डोळ्यांना सुखावते. ते महाग पडतं हे खरं. म्हणून आधी साधी ताडपत्री ताणून आठवडाभर राहून बघा. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारनंतर ऊन कुठून आत येतं ते खडूने डेकवर आखून ठेवा. त्या खुणांवरून कापड शिवलं तर वाया जाणार नाही. ताडपत्री कायमची मात्र नको. ती वाऱ्यात फडफडून रात्रीची झोप घालवते आणि उन्हात लवकर कुजते.

त्या खुणा करताना एक गोष्ट नक्की दिसेल. बाराचं ऊन अडवणं सोपं आहे, खरा छळ दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंतचा. तेव्हा सूर्य छताखालून तिरका शिरतो आणि अख्खं कॉकपिट भाजून काढतो. म्हणून ऑनिंगला दोन्ही बाजूंनी सोडता येतील असे जाळीदार पडदे हवेत. ज्या बाजूला सूर्य असेल तोच पडदा सोडायचा, दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी. या पडद्यांवर कंजुषी करू नका. माझ्या मते वरच्या छताइतकंच त्यांचं महत्त्व आहे.

ऑनिंगची एक अट आहे आणि तिच्यात तडजोड नाही: एकट्या माणसाला अंधारात दोन मिनिटांत ते उतरवता आलं पाहिजे. उन्हाळ्यातले ढग संध्याकाळी कधी चढून येतात सांगता येत नाही, आणि वादळी झोताच्या वेळी एवढं कापड म्हणजे चुकीच्या जागी चढवलेलं शीड. बोट नांगरावर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि नांगर सुटू शकतो. सगळ्या गाठी ओढताच सुटणाऱ्या मारा. ढग काळवंडले की जेवण तसंच ठेवून आधी कापड उतरवा.

आता वारा. तीन पंखे लावूनही उकाडा जात नाही असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण पंखा हवा गार करत नाही. तो केबिनमधली तीच गरम, दमट हवा फिरवत राहतो. ती हवा बाहेर काढायला वाट हवी, आणि जेवढी वाट आत येण्याची तेवढीच बाहेर जाण्याची. पुढचं हॅच सताड उघडं आणि मागचा जिना फळ्यांनी बंद, असं असेल तर पुढून काहीच आत येणार नाही. नांगरावर बोट तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते, त्यामुळे वाऱ्याची वाट आयतीच पुढून मागे अशी ठरते. पुढचं हॅच पुढच्या दिशेने उघडत असेल तर ते वारा झेलून आत घेतं. मागच्या दिशेने उघडत असेल तर हवा वर ओढून घेतं. तुमचं कसं आहे ते बघा आणि बाकीची दारं त्याप्रमाणे उघडी ठेवा.

हातभर रेशमी दोरा घ्या, एका टोकाला धरा आणि केबिनभर हळूहळू फिरा. दोरा जिथे तरंगतो तिथून वारा वाहतोय, जिथे सरळ लोंबतो तिथे हवा मेलेली आहे. बहुतेक बोटींत हा दोरा नेमका उशाच्या जागी मेलेला सापडतो, कारण मधलं दार किंवा लॉकरची फळी वारा वळवते. उन्हाळ्यापुरती आतली दारं बिजागरीतून काढून ठेवा आणि पडदे लावा. लॉकरच्या झाकणांना फटी किंवा जाळ्या असतील तर आतले कपडेही कुबट होत नाहीत.

पुढच्या हॅचवर नायलॉनचा विंडस्कूप, म्हणजे वारा झेलणारी कापडी झोळी, टांगला की अगदी मंद झुळूकसुद्धा आत वळते. नांगरावर एकतोंडी स्कूप पुरतो, बोटच वाऱ्याकडे वळत असते. मरीनात बोट बांधलेली असल्यामुळे वारा कुठूनही येतो. तिथे चारी बाजूंनी वारा घेणारा चौकोनी प्रकार घ्या. मरीनात जागा निवडायची मुभा असेल तर दिवसाच्या नेहमीच्या वाऱ्याकडे बोटीचं तोंड येईल अशी मागा. एका बाजूची निवड करावीच लागली तर मी सावलीपेक्षा वारा निवडतो, कारण सावली कापडाने करता येते.

डासांची जाळी हा या सगळ्यातला अडथळा. बारीक जाळी वारा चांगलाच अडवते आणि मिठाने, धुळीने तिची छिद्रं बुजली की आणखीच. उपाय असा: जाळी हॅचच्या तोंडावर घट्ट बसवण्याऐवजी हॅचवर तंबूसारखी उभी करा. जाळीचं क्षेत्रफळ तिप्पट-चौपट झालं की वाऱ्याला शिरायला जागाही तितकी मिळते. कडेला वाळू भरलेली बारीक नळी शिवली की ती डेकवर स्वतःच्या वजनाने बसते. दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्यात धुवा.

पाऊस आला की हॅच बंद करावं लागतं आणि पाचच मिनिटांत आत घुसमट होते. म्हणून हॅचवर वेगळा छोटा तिरका छज्जा ठेवा, म्हणजे सरळ पावसात ते उघडं राहील. कायमची सोय हवी असेल तर डोराड व्हेंट बघा. १९३० साली पाण्यात उतरलेल्या डोराड या शर्यतीच्या बोटीवरून त्याला हे नाव मिळालं. पेटीच्या एका टोकाला वारा घेणारा भोंगा आणि दुसऱ्या टोकाला केबिनमध्ये उतरणारी उभी नळी, अशी रचना. वाऱ्याबरोबर आलेलं पाणी पेटीच्या तळाशी पडून डेकवर निघून जातं आणि फक्त हवा आत उतरते. केबिन बंद करून गावात गेलात तरी हवा खेळती राहते, हा त्याचा मोठा फायदा.

पंखे टाकून देऊ नका, जागा बदला. प्रत्येक बिछान्याला एक छोटा १२ व्होल्टचा पंखा, थेट छातीवर आणि चेहऱ्यावर वारा येईल असा. चांगला पंखा अर्ध्या अँपिअरच्या आत चालतो; रात्रभराच्या दहा तासांत चार-पाच अँपिअर-तास. एवढा खर्च कुठलीही बॅटरी सोसते. वारा पडलेला असेल तेव्हा एक पंखा जिन्याच्या तोंडाशी बाहेर तोंड करून लावा. तो छताजवळची गरम हवा बाहेर फेकतो आणि पुढच्या हॅचमधून ताजी हवा आपोआप ओढली जाते.

किनाऱ्यालगतच्या वाऱ्याला वेळापत्रक असतं, ते ओळखून दिवस लावा. सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतात. मग जमिनीकडून मतलई वारे सुटेपर्यंत मधला काळ पूर्ण निर्वात जातो. बहुतेक लोक नेमके त्याच वेळी केबिनमध्ये स्वयंपाक करायला आणि झोपायला उतरतात. त्या वेळी सगळे कॉकपिटमध्ये राहा. हॅच बंद करून डेकवर समुद्राच्या पाण्याच्या दहा-बारा बादल्या ओता, विशेषतः लाकडी डेक असेल तर. दिवसभर साठलेला ताप पाण्याबरोबर उतरतो. पाणी निथळल्यावर सगळी हॅचं उघडा. बोट घरासारखी जड भिंतींची नसते, त्यामुळे ती जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते, फक्त आतली जुनी हवा बाहेर गेली पाहिजे.

नांगर टाकायची जागाही याच हिशेबाने निवडा. चहूबाजूंनी टेकड्यांनी वेढलेली, आरशासारखी शांत खाडी फोटोत छान दिसते; उन्हाळ्यात ती कोंदट असते आणि किनाऱ्याच्या झाडीतले डास थेट बोटीवर येतात. लाट अडेल पण वारा येईल अशी जागा शोधा: सखल भूशिराच्या मागे, किंवा दोन टेकड्यांमधल्या खिंडीसमोर, जिथून वारा नळकांड्यातून आल्यासारखा येतो. किनाऱ्यापासून थोडं लांब राहिलात तर डासही कमी. फक्त रात्री वारा फिरला की बोटही फिरणार, तेव्हा चारी बाजूंना पुरेशी जागा आणि खोली आहे ना, हे उजेडात बघून ठेवा.

बोटीच्या आत तुम्ही स्वतः किती ऊब तयार करता तेही बघा. स्वयंपाकाच्या गॅसची ऊब तर असतेच, शिवाय एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती सगळी दमट हवा केबिनमध्ये. मोठा स्वयंपाक पहाटे उरका, प्रेशर कुकर वापरा, संध्याकाळी कॉकपिटमध्ये गार खा. इंजिन बंद केल्यावरही त्याचा ठोकळा कित्येक तास ऊब देत राहतो, म्हणून बॅटरी चार्ज करायची असेल तर सकाळी चालवा, संध्याकाळी नाही. इंजिनाला लागून असलेल्या मागच्या बिछान्यावर उन्हाळ्यात कुणालाच झोपवू नका. फ्रिजचा कॉम्प्रेसर आतली ऊब केबिनमध्येच टाकतो. त्याला बाहेरून हवा मिळाली तर तो कमी चालेल. जुने पिवळे दिवे असतील तर एलईडी लावा.

आता शरीराकडे येऊ, कारण केबिन पाच अंशांनी उतरली तरी माणसाला बरं वाटेलच असं नाही. शरीर मुख्यतः घाम सुकवून गार होतं. एक लिटर पाणी त्वचेवरून सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो; म्हणून कमी तापमानातही तगमग होते. पंखा इथे कामाला येतो, तो त्वचेवरची दमट हवा हटवतो. आणि घामाची वाट बघायची गरज नाही: दंड, मान, पाय ओले करा आणि पंख्यासमोर बसा. हवा अंगापेक्षा गरम झाली असेल तर कोरड्या अंगावरचा पंखा उलट ऊबच देतो, तेव्हा तर अंग ओलं हवंच.

पाण्यात उतरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे कोमट वाटणाऱ्या समुद्रातली दहा मिनिटंही पुढचे दोन तास सुखाचे करतात. पण बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुवायलाच हवं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं; अंगावर राहिलं तर रात्रभर चिकचिक होते, गादीत गेलं तर गादी उन्हाळाभर दमट राहते. बागेत औषध फवारायचा हातपंपाचा फवारा नवा कोरा विकत घ्या आणि गोड्या पाण्याने भरून कॉकपिटमध्ये ठेवा. अर्ध्या-पाऊण लिटरमध्ये एका माणसाचं अंग नीट धुऊन होतं. झोपायच्या आधी हा फवारा, मग पंख्याखाली सुती चादर. मला याहून चांगली झोप कुठल्याच यंत्राने दिलेली नाही. फोमच्या गादीखाली फळ्या सलग असतील तर मध्ये हवा जाईल अशी जाळीदार चटई घाला.

कपडे सैल, पातळ, लांब बाह्यांचे. उघडं अंग गार राहतं हा समज बोटीवर चालत नाही, कारण ऊन वरून येतं तसंच पाण्यावरून उलटूनही येतं. टोपी रुंद कडेची, हनुवटीखाली दोरी असलेली. पाणी तहान लागायची वाट न बघता प्या. लघवी गडद झाली तर कमी पडतंय. सतत घाम जात असेल तर नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

वडिलांबद्दल वेगळं सांगतो. वय झालं की तहान कमी लागते आणि घामही उशिरा येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, काहींनी शरीराची उष्णतेशी जुळवून घ्यायची ताकद कमी होते. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: एवढ्या उन्हात गोळीचं काय करायचं, पाणी किती प्यायचं, मीठ-साखरेचं पाणी चालेल का. मनाने गोळी बंद करू नका. आणि बोटीवरचा एक खास धोका: बोट लागू नये म्हणून घेतात त्या बऱ्याच औषधांनी, स्कोपोलामिनच्या पट्टीने तर नक्कीच, घाम कमी होतो. शरीराचा गार व्हायचा मुख्य मार्गच आखडतो आणि डोळ्यांवर झापड येते ती वेगळीच. तीही डॉक्टरांना सांगा. वडिलांचा बिछाना पुढच्या हॅचखाली किंवा मधल्या केबिनमध्ये खालच्या बाजूला, पाण्याच्या पातळीजवळ करा. दुपारी त्यांना एकटं केबिनमध्ये झोपू देऊ नका.

डोकं दुखणं, मळमळ, गार ओलसर कातडी, पायात गोळे आले की सावलीत आडवं करा, अंग ओलं करा, वारा घाला, घोट-घोट पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं आणि मिनिटा-मिनिटाला इजा वाढते. आधी गार करायचं, मग किनारा गाठायचा. कॉकपिटमध्ये झोपवून बादल्यांनी समुद्राचं पाणी सतत ओता, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका आणि गार करण्यासाठी त्याला समुद्रात उतरवू नका. दुसऱ्याने त्याच वेळी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, द्यावा. संकोच करू नका, ही त्याचीच वेळ आहे.

प्रवासात असताना एवढंच लक्षात ठेवा. वारा पाठीमागून असेल तर तो अंगाला लागतच नाही: दहा नॉटचा वारा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), बोट पाच नॉटने त्याच दिशेला, तर डेकवर फक्त पाचच नॉट उरतात. तोच वारा समोरून तिरका घेतला तर चौदाच्या आसपास लागतो. म्हणून वाऱ्याबरोबर जायचा टप्पा पहाटे उरकावा, वाऱ्यावर चढायचा टप्पा दुपारी. शीडं चढवणं, नांगर ओढणं ही अंगमेहनतीची कामं दहाच्या आत. स्प्रेहूडची (जिन्याच्या तोंडावरच्या कापडी आडोशाची) पुढची काच उघडता येत असेल तर उघडा.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, एसी. मरीनात किनाऱ्याची वीज मिळते तिथे वडिलांसाठी लहान एसी योग्यच आहे, आणि वर सांगितलेली सावली असेल तर ५,००० बीटीयूचा पुरतो, निदान झोपायच्या भागापुरता. समुद्राच्या पाण्याने गार होणारा, बोटीसाठीच बनवलेला घ्या आणि त्याची पाण्याची गाळणी दर आठवड्याला उघडून साफ करा. एसी अचानक बंद पडला की निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. एका नळीचा फिरता घरगुती एसी घेऊ नका. तो केबिनमधलीच हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी प्रत्येक फटीतून बाहेरची गरम हवा आत येते. पाण्याच्या गवताचा कूलरही समुद्रावर निरुपयोगी, दमट हवेत तो फक्त दमटपणा वाढवतो. कोरड्या प्रदेशातल्या तलावावर मात्र उत्तम चालतो.

नांगरावर एसी हवा असेल तर हिशेब असा. लहान एसी साधारण ५०० वॉट घेतो. आठ तासांपैकी निम्मा वेळ कॉम्प्रेसर चालला तरी दोन किलोवॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरची घट धरून पावणेदोनशे ते दोनशे अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नसते, तेव्हा एका रात्रीसाठी चारशेची बॅटरी हवी आणि दुसऱ्या दिवशी ती भरायची सोयही. लिथियमची बॅटरी आणि भरपूर सोलर पॅनल असतील तर हे जमतं, आणि ऑनिंगच्या वरची पॅनल सावलीही देतात.

जनरेटरवर एसी लावून रात्री झोपायचा विचार मात्र सोडून द्या. पेट्रोलचा सुटा जनरेटर कॉकपिटमध्ये किंवा मागच्या पायरीवर ठेवून हॅच बंद करून झोपणं, यात माणसं मेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. वारा पडला की तो कॉकपिटमध्ये आणि छताच्या पडद्यांखाली साठतो, आणि झोपेतल्या माणसाला जागच येत नाही. शेजारच्या बोटीच्या जनरेटरचा धूरही तुमच्या विंडस्कूपमधून आत येऊ शकतो. जनरेटर किंवा इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला पोहायलाही कुणाला जाऊ देऊ नका. एसी घ्या किंवा घेऊ नका, झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये बोटीसाठीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवा, आणि निघायच्या आधी प्रत्येकाचं बटण दाबून तो वाजतो ना ते बघा.